कूलरच्या टबात एक्केचाळीस नंबर

कूलरचा टब तळातून गेला
तेव्हा भंगारवाला साठ रुपये देत होता.
दिला नाही.
गंजानं आपणहून भोकं पाडली होती,
मला फक्त त्यांच्यावर खापऱ्या ठेवायच्या होत्या.

माती बेसा रोडच्या प्लॉटवरची,
ओली असताना चपलेला सोडत नाही ती काळी, निम्मी.
निम्मी कन्हानची रेती, शेजारच्या स्लॅबमधून उरलेली,
विचारून आणलेली.
शेणखत नाही. हे उशिरा कळलं मला:
लाड केले की ही झाडं नुसती पाल्यानं वाढतात,
फुलायचं विसरतात.

बिया मागच्या दिवाळीनंतरच्या.
लेआउटात खुंट्या ठोकून झाल्या होत्या, चुना ओढला होता,
प्लॉट नंबर ४१ वर सोमवारी जेसीबी यायचा होता.
रविवारी मी गेलो, सॉक्स गुडघ्यापर्यंत ओढून,
खिशात बँकेची जुनी पाकिटं.
कुरडूचे तुरे उलटे धरून झटकले,
काळं, चकचकीत बी, मोहरीहून बारीक.
तेरड्याची उरलीसुरली बोंडं हात लागताच फुटली,
निम्मं बी परत प्लॉटलाच गेलं.
रानतीळ. गोकर्ण. तरोट्याच्या शेंगा, विळ्यासारख्या.
एका पाकिटावर लिहिलं:
निळं, बुटकं, नाव माहीत नाही, विजेच्या खांबाजवळ.

पाकिटं फ्रिजमध्ये ठेवली.
सुलभा म्हणाली, लोणी आणि तण एकाच कप्प्यात, छान.
थोडंथोडं प्रत्येकातलं
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काढलं होतं,
तो डबा गच्चीवर टाकीमागे राहिला. विसरलोच.
थंडी गेली. नवतपा अख्खा गेला त्याच्यावरून.
दुपारी दोनला तिथे कबुतरही पाय टेकत नाही.

जूनमध्ये पेरलं.
फ्रिजमधलं विकतच्या कुंड्यांत, नावाच्या पट्ट्या लावून.
डब्यातलं टबात, कारण दुसरीकडे जागा नव्हती.
मगाने पाणी, सकाळी एकदा.
बाराव्या दिवशी टबात हिरवी दोऱ्याची टोकं,
कुंड्यांत पट्ट्या.

जपलेलं झोपून राहिलं.
भाजून निघालेल्याला कळलं, वर्ष फिरलंय.
या गावात उगवायचं तर मे बघितलेला असावा लागतो,
असं मी जेवताना म्हणालो.
सुलभा म्हणाली, मी तर चंद्रपूरची,
मला मेडल द्या मग.

टाकी धुवायला डोमाजी आले, टबापाशी थांबले.
"हे तं तरोटा होय साहेब. काहून लावला?
आमच्या उमरेडकडं रस्त्याच्या कडंनं फुकट भेटते."
कोवळी मूठभर खुडून रुमालात बांधली, भाजीला.
मी निळं, बुटकं दाखवलं.
बराच वेळ उकिडवे बसून त्यांनी बघितलं.
"याले नाव नाही," म्हणाले.
"याले बकऱ्या खात नाही."
पट्टीवर मी तेच लिहिलं.

आता ४१ वर नंदेश्वरांचं घर आहे.
अंगणात पेव्हिंग ब्लॉक, गेटवर दोन हत्ती.
वास्तूचं बोलावणं द्यायला बाई आल्या,
गच्चीवर टब बघून हसल्या.
"फुलांचं काही असेल तर द्या नं जी."
कुरडू गुलाबी होऊन समोर उभा होता.
मी मनीप्लांटची फांदी दिली.
बाकीचं सांगायला कुठून सुरुवात करायची?

ऑक्टोबरात त्यांच्या कंपाउंडची भिंत
आणि सिमेंट रोड यांच्यात जी बोटभर फट आहे
तिथे दोन कुरडू. वीतभर. एकाला तुरा.
माझ्या टबातून वाऱ्यानं गेले
की जेसीबीच्या खालूनच, मुळातल्या मुक्कामातून वर आले,
कोण सांगणार.

रोज जाताना बघतो. अजून उपटलेले नाहीत.
काल बाई पाइपनं गाडी धूत होत्या,
पाणी उतारानं तिथवर गेलं, थोडं थांबलं.
मी चालत राहिलो,
सॉक्स वर ओढून.